मशीनचं काम

लढाई सुरू होती, सरकारला लाकूड हवं होतं. म्हणून यमनाप्पा कंत्राटदारानं खानापूरच्या रानात पेट्रोलवर चालणारी करवत आणली. कुऱ्हाड चालवणाऱ्या केदारीला आणि त्याच्या सोबत्यांना त्यानं आधीच सांगून टाकलं, "मशीन कसं चालतंय बघूया. चाललं तर तुमचं काय काम न्हाय."

मशीनबरोबर बेळगावहून आलेला मिस्त्री लई कडक होता. त्यानं पहिल्यांदा सगळ्यांना विड्या विझवायला लावल्या. मग म्हणाला, "पेट्रोल भरायला मोकळी जागा पायजे. वर फांदी नको, खाली पाचोळा नको."

भर रानात मोकळी जागा कुठली? केदारीच्या माणसांनी तोडायची म्हणून खूण केलेली झाडं पाडून ती केली. मिस्त्रीनं टाकी भरली, झाकण घट्ट आवळलं, सांडलेलं फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "भरलं तितंच सुरू करायचं न्हाय, भडका उडतोय. लांब दुसरी जागा करा."

पुन्हा कुऱ्हाडी चालल्या. दिवस कलताना दुसरी जागा तयार झाली. मिस्त्री मशीनची दोरी ओढायला वाकला, तर तोडायला खुणेचं एकही झाड उरलं नव्हतं.

यमनाप्पानं आडव्या पडलेल्या लाकडांवरून नजर फिरवली आणि मशीनला हात जोडले.



"बघितलंसा, केदारीअण्णा? मशीन आलं आन एका दिसात रान साफ! उद्यापासनं तुमी येऊ नगासा."