आणखी एक बार

चार महिन्यांची आमची आसावरी कुकरच्या शिट्टीलाही दचकत नव्हती. तिच्या कानांची तपासणी परवावर आली होती आणि मी आणि माझा नवरा शर्विल, दोघंही तो विषय टाळत होतो. म्हणूनच शर्विलच्या ऑफिसातल्या फहदने इथे सौदीत, धाहरानबाहेरच्या शूटिंग क्लबवर बोलावलं, तेव्हा लगेच निघालो.

बंदुकीचा दस्ता खांद्यावर आदळतो म्हणे. मी आसावरीच्या दुपट्याची चौपदरी घडी करून ती शर्विलच्या शर्टाखाली, खांद्यावर सारली. फहद हसला. "भाभी, टाइट पकडेगा तो झटका कम."

झोपलेल्या आसावरीला घेऊन मी लांब, गाडीपाशी थांबले. शर्विलने बार काढला. नेमासाठी हवेत सोडलेली मातीची तबकडी न फुटता तशीच उडत गेली. तो खांदा चोळत आमच्याकडे आला.

"बास झालं. दुपट्यातूनही लागलं. ही का रडतेय?"

"दचकली."

"काय?"

"झोपेतून दचकून उठली रे, तुझ्या बाराच्या आवाजाबरोबर."

"नक्की?"

"खात्री हवी तर जा, आणखी एक बार काढ."

शर्विलने शर्टाखालचं दुपटं ओढून काढलं, त्यानेच तिचे डोळे पुसले आणि दुपटं माझ्या खांद्यावर टाकून तसाच परत बंदुकीकडे धावला.