एकेचाळीस हिरवे ठिपके

“अहो, असं कसं होईल? पूर्वा वर्गातच आहे,” उल्काताई हसून म्हणाल्या आणि टॅब हातात घेऊन वर्गाबाहेर व्हरांड्यात आल्या.

पूर्वाचे वडील चारुदत्त निमकर घामाघूम होऊन उभे होते. विकास नगरच्या बँकेतून हातातलं काम तसंच टाकून ते स्कूटरनं थेट इंदिरा नगरच्या या शाळेत आले होते. त्यांच्या शिपायानं तासाभरापूर्वी शहरातल्याच कपूरथला भागातल्या बाजारात पूर्वाला पाहिलं होतं. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, आणि एकटी.

“दुसरीच कोणी असेल हो. गणवेशात सगळ्या पोरी सारख्याच दिसतात,” उल्काताईंनी टॅब त्यांच्यापुढे धरला. “हे बघा. पूर्वा निमकर. हिरवा ठिपका. पाचव्या प्रश्नाचं उत्तर आत्ता, दोन मिनिटांपूर्वी दिलंय तिनं.”

जुलैत शाळेत टॅब आले आणि उल्काताईंच्या मागची मोठी कटकट गेली. पुस्तक त्यातच, धडे त्यातच, प्रश्नही त्यातच. मुलांनी सकाळी कपाटातून आपापल्या नंबरचा टॅब उचलायचा आणि उघडायचा, की बाईंच्या पडद्यावर ज्याच्या त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटलाच. हजेरी घेता घेता घसा बसायचा, ते संपलं. कोण लिहितंय, कोण टंगळमंगळ करतंय, सगळं खुर्चीत बसल्या बसल्या कळायचं. एकेचाळीस मुलं, एकेचाळीस ठिपके. सगळे हिरवे दिसले की उल्काताईंना कसं अगदी छान वाटायचं.

निमकरांनी रुमालानं मान पुसली. “मलाही रोज साडेआठला मेसेज येतो, पूर्वा हजर आहे म्हणून. त्यावरच तर मी निर्धास्त असतो. हिची आई अजून सोलापुरातच आहे, तिची बदली होत नाही. इथे आम्ही दोघंच. मला घरी यायला सात वाजतात.”

हे सगळं उल्काताईंना ठाऊक होतं. प्रवेशाच्या दिवशी याच व्हरांड्यात निमकर म्हणाले होते, “पोर बुजरी आहे, हिंदीही धड येत नाही. तुम्ही आपलं मराठी माणूस भेटलात म्हणून धीर आला. लक्ष ठेवाल ना?” आणि उल्काताईंनी अगदी मनापासून सांगितलं होतं, “मी आहे ना. माझीच मुलगी समजा.”

“आणि काळजी कसली करता?” आता त्या म्हणाल्या. “कालच भर वर्गात शाबासकी दिलीय तिला. विज्ञानात दहापैकी दहा.”

“पूर्वाला? विज्ञानात?” निमकरांचा विश्वास बसेना.

“मग काय तर. आधी गप्प गप्प असायची. हल्ली बघा, सगळ्यांच्या आधी हिचं उत्तर हजर.”

निमकरांचा जीव भांड्यात पडला. शिपायाला आता चष्मा लागलाय, असं काहीतरी पुटपुटत ते हसलेही. जायला वळले आणि थांबले. “आलोच आहे, तर एकदा बघून जाऊ का? लांबूनच.”

“या की, त्यात काय.”

दोघं आत आले. मुलं उठली, नमस्ते म्हणून बसली. “पूर्वा, बेटा, देखो पापा आये हैं,” उल्काताई म्हणाल्या. तेवढ्यात हातातल्या टॅबवर पूर्वाचं नवं उत्तर येऊन पडलं. प्रश्न सहावा. बरोबर.

कोणीच उठलं नाही.

उल्काताईंनी मान वर केली. बाकांवरून नजर फिरवली. पूर्वा कुठल्या बाकावर बसते, हेच त्यांना सांगता येईना. निमकर पहिल्या रांगेपासून एकेक चेहरा बघत शेवटापर्यंत गेले. मग पुन्हा पहिल्या रांगेपासून.

“ताई,” ते म्हणाले, “ती इथे नाहीये.”

खिडकीजवळच्या शेवटून दुसऱ्या बाकावर विनीता एकटीच बसली होती. तिच्यासमोर दोन टॅब होते. एकावर तिचं बोट अजून तसंच होतं. काल पूर्वाला शाबासकी दिली तेव्हा वर्ग खुसखुसला होता, ते उल्काताईंना आठवलं. पोरं जळतात मेली, असं वाटून त्यांनी सगळ्यांना दटावलं होतं. आपण काल रिकाम्या जागेला शाबासकी दिली, हे आत्ता त्यांच्या डोक्यात शिरलं.

“पूर्वा कहाँ है?” त्यांनी विचारलं.

विनीता उठली. आता ही घाबरेल, थापा मारेल, असं त्यांना वाटलं. पण पोरीनं सुटल्यासारखा श्वास सोडला.

“रोज़ स्कूल के टाइम मेरी नानी के घर रहती है, मैम. कपूरथला में. वो ठीक है.”

निमकर जवळच्या बाकावर टेकले.

“कितने दिन से?”

“आज पंद्रहवाँ दिन है.”

“और तुमने किसी को बताया नहीं?”

“उसी ने मना किया था, मैम. अपने टैब का नंबर मुझे देकर बोली, इसे रोज़ हरा रखना. जिस दिन मैम खुद पूछें कि पूर्वा कहाँ है, उस दिन बता देना, मैं आ जाऊँगी.” विनीताचे डोळे भरून आले. “उसे तो लगा था, आप पहले ही दिन पूछ लेंगी.”