वय अक्षरी

मुकुंदवाडी स्टेशनाजवळ गोकुळ दगडावर नावं कोरायचा. दुपारी रामकिसन टेम्पोतून एक जुना दगड घेऊन आला. सोबत त्याची बायको सारजाबाई होती. ती लिंबाखाली जाऊन बसली.

“नवा दगड पायजे,” रामकिसन म्हणाला. “मजकूर ह्योच. फक्त वय अक्षरात लिहा.”

“दगडावर वय आकड्यातच घालतेत, काका. रीतच हाय तशी.”

रामकिसननं दगडावरचं पोतं ओढलं. गोकुळनं दगड लगेच ओळखला. त्यांची एकुलती एक लेक, संस्कृती, तापानं गेली तेव्हा शेतातल्या समाधीसाठी त्यानंच तो कोरला होता. ‘वय ९ वर्षे’. नऊच. त्याला पक्कं आठवत होतं.

दगडावर १३ होतं.

त्यानं बोट फिरवून पाहिलं. कुठं खाडाखोड नव्हती. एकचं वळण त्याच्या हातचं, तीनची शेपटीही त्याचीच. खाचेतलं शेवाळ नावाच्या अक्षरांत होतं तेवढंच जुनं.

“मी नाय कोरलं हे.”

“माहितीय. दरसाल एकानं वाढतं.” रामकिसनचा आवाज खाली आला. “खरेदीखतात जमिनीचं माप अक्षरातबी लिहितेत ना, कुणी बदलू नये म्हणून? अक्षर जागचं हलत नाय. लेकराला आता निजू द्या.”

गोकुळनं नव्या दगडावर पेन्सिलीनं ‘नऊ’ काढलं. छिन्नी टेकवली, तोच लिंबाखालून उठून आलेल्या सारजाबाईचा हात अक्षरांवर आला.

“आकडाच घाला, दादा.”

“सारजा,” रामकिसन म्हणाला, “आता सोड लेकीला.”

तिनं पदराची गाठ सोडली. आत हिरव्या काचेचे तुकडे होते.

“तिच्या जुन्या मापाच्या बांगड्या समाधीवर ठेवल्या, की सकाळी फुटलेल्या असतेत,” ती शांतपणे म्हणाली. “मोठ्या मापाच्या ठेवल्या, तर सकाळी तिथं नसतेत.”

रामकिसन पाठ फिरवून टेम्पोच्या फाळक्याला धरून उभा राहिला. गोकुळच्या हातातली छिन्नी भर उन्हात गार पडली होती. त्यानं ओल्या फडक्यानं ‘नऊ’ पुसलं.

“किती घालू?”

सारजाबाईनं कोऱ्या दगडावरून तळवा फिरवला, हळूच, वेणी घालण्याआधी केसांवरून फिरवतात तसा.

“तेराच घाला,” ती म्हणाली. “पुढचं तिचं ती बघंल.”