जावक क्रमांक दोनशे बारा

चार वाजून दहा मिनिटांनी प्रिंटरने तिसऱ्यांदा कागद घ्यायला नकार दिला. आतला रोलर जागच्या जागी फिरला, कुरकुरला आणि लाल दिवा लागला. न्यायालयाच्या त्या कचेरीत या खटाऱ्याला सगळे जावईबापू म्हणत. ऐन कामाच्या वेळी रुसायचं आणि मनधरणी करून घ्यायची, ही त्याची जुनी खोड.

आज मात्र कोणालाही हसू येत नव्हतं. जामिनाचा आदेश संगणकात तयार होता. तो छापून, न्यायाधीश साहेबांची सही घेऊन साडेपाचच्या आत तुरुंगाच्या फाटकावर पोचला, तर आरोपी आज घरी. नाही तर पुढचे दोन दिवस सुट्टी. आरोपीची मोठी बहीण टेबलाची कड धरून उभी होती.

"दुसरीकडे छापता येत नाही का?"

"नाही ना ताई. आदेश याच मशिनवर निघतात," कारकून म्हणाला.

दुरुस्तीला बोलावलेल्या मेकॅनिकने ओल्या फडक्याने रोलर पुसला. कागदांची चळत फुलवली, टेबलावर ठोकून सारखी केली. एक कागद आत गेला. त्याला चिकटून दुसराही गेला, आणि दोन्ही अडकले.

"वरचा रोलर पार गुळगुळीत झालाय. खालचा ट्रे का वापरत नाही?"

"त्यात कागद अडकतो. म्हणून हल्ली वरूनच घालतो."

"का अडकतो, ते बघितलं कोणी?"

कोणीच बघितलं नव्हतं. मेकॅनिकने ट्रे ओढून काढला आणि आत टॉर्च मारला. दोन्ही बाजूंनी छापताना कागद जिथून परत वळतो, तिथे एक कागद चुरगळून बसला होता. दोन्ही हातांनी सारखा ताण देत त्याने तो सोडवला. ट्रे आत सरकवला. जावईबापूंनी एक आचका दिला आणि आदेश सुळकन बाहेर आला. कारकून तो घेऊन साहेबांच्या खोलीत पळाला.

सही-शिक्का घेऊन तो परतला, तेव्हा मेकॅनिक चुरगळलेला कागद टेबलावर सरळ करत होता.

"हे तुमचंच दिसतंय. एका बाजूला छापलंय, दुसरी कोरी."

तोही जामिनाचाच आदेश होता. दुसऱ्या कुणाचा तरी. डोक्यावर जावक क्रमांक दोनशे बारा.

कारकुनाने जावक वही उघडली. आदेशावर क्रमांक छापायचा, तर तो आधी वहीत चढवावा लागे. त्यामुळे छापायच्या आधीच त्याच्यापुढे 'रवाना' लिहून मोकळं व्हायची सगळ्यांना सवय. दोनशे बाराच्या पुढेही रवाना होतं. अक्षर त्याचंच, तारीख अठरा दिवसांपूर्वीची. त्या संध्याकाळी मशीन अडकलं, म्हणून त्याने ते बंद करून टाकलं होतं, आणि सकाळी वहीवर विश्वास ठेवला होता.

त्यानंतर एक म्हातारे गृहस्थ आठवडाभर रोज येत होते. मुलगा अजून सुटला नाही म्हणत होते. शेवटी कारकुनाने वैतागून हीच वही त्यांच्या नाकासमोर धरली होती. त्यानंतर ते आले नाहीत.

मेकॅनिक हळू आवाजात म्हणाला, "फाडून टाका. सोमवारी नव्या नंबराने पाठवा. कोणाला कळतंय?"

कारकुनाने बहिणीच्या हातात तिचा आदेश दिला. "निघा ताई. वेळेत पोचाल."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "किती दिवस झाले त्या दुसऱ्या आरोपीला?"

"अठरा."

पावणेपाच झाले होते. साहेब पाचला उठत. कारकुनाने संगणकात दोनशे बारा शोधून काढला, पण बटणावरचं बोट काही हलेना. निवृत्तीला दहा महिने उरले होते, आणि सही मागायची म्हणजे वही दाखवणं आलं.

"छापा तुम्ही," बहीण दारातून म्हणाली. "मी थांबते, दोन्ही घेऊन जाते. जायचं तर एकाच फाटकावर आहे."

त्याने बटण दाबलं. पान हातात आल्यावर वही काखेत घेतली. साहेबांच्या दाराशी पोचल्यावर त्याने दोनशे बाराच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि मग दार ठोठावलं.