बचतीचा काळोख

यशोदा बंदरावरच्या कचेरीच्या पायऱ्या चढून आली, तेव्हा गंगाराम शिपाई शिडीवरून उतरत होता आणि भिंतीवरचा मोठा बल्ब त्याच्या हातात होता.

"मेल्या, ह्यो कित्याक काढलंस? होड्यो अजून भायर आसत!"

"सायबांका इचार," गंगाराम खाली मान घालून म्हणाला. "सरकारी इमारतीत विजेची बचत. वरसून हुकूम इलो."

गावात वीज येऊन वर्ष झालं नव्हतं. पण समुद्रातून दिसणारा दिवा हा एवढाच. जुना कंदील कचेरीनं बल्ब लावला तेव्हाच उतरवला होता. खडकांमधल्या चिंचोळ्या वाटेनं आत यायचं तर होडीचं तोंड या दिव्यावर धरायचं, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आज यशोदेचा नवरा सत्यवान आणि दीर भिकाजी दोघेही बाहेर होते. वारा फिरला होता आणि सूर्य बुडाला होता.

आत साहेबांच्या डोक्यावर मात्र दिवा लखलखत होता. काळोखात बचतीचं काम होणार कसं?

"तो सरकारी दिवा आहे, बाई," साहेब पंख्याखाली बसून म्हणाले. "मासे धरणाऱ्यांसाठी टांगलेला नाही."

"होड्यो खडकार आपटतीत, सायबानू. घटकाभर लावा."

"आज घटकाभर मागाल, उद्या रात्रभर. देशासाठी थोडी कळ काढायला शिका."

नासलेला बांगडा पाटीत हाताला लागला की तो नाकाशी न नेताच बाजूला टाकतात. यशोदेनं साहेबांकडे तसं पाहिलं आणि ती पायऱ्या उतरली. पुन्हा विनवणी करायला त्या खोलीत तिला माणूसच दिसला नव्हता.

तिनं जावेला, सुभद्रेला हाक मारली. सुभद्रेनं शेजारणींना उठवलं. बायकांनी माडाच्या सुक्या झावळ्या ओढून आणल्या, चुडी बांधल्या, पेटवल्या आणि त्या खडकांवरून पार टोकापर्यंत गेल्या. लाटा पायांवर फुटत होत्या. ठिणग्या केसांत पडत होत्या. चूड विझायला आली की मागची बाई पुढे दुसरी देत होती.

"ह्या बाजूक! डाव्या अंगान घ्या!" यशोदा घसा फुटेस्तोवर ओरडत होती.

सत्यवानची होडी आत आली. मागची भिकाजीची खडकाला घासली, फळी उकलली. माणसं कमरभर पाण्यातून तिला ओढत आली. भिकाजीची पोटरी फाटली होती. सुभद्रेनं पदर फाडून ती आवळून बांधली. माणूस हाती लागला होता.

तेवढ्यात साहेब आले. जाळ बघून, त्याच उजेडात बूट जपत खडकांवरून थेट टोकापर्यंत पोचले. त्यांचा चेहरा फुलला होता.

"पाहिलंत? एक युनिट न जाळता सगळ्या होड्या सुखरूप! यालाच मी श्रमदान म्हणतो. वर कळवतोच."

भिकाजीच्या पायातून रक्त गळत होतं. त्याच्याकडे साहेबांनी पाहिलं नाही.

"कळवा," यशोदा म्हणाली आणि हातातली चूड तिनं पाण्यात खुपसली. चर्र झालं. सुभद्रेनं आपली खुपसली. मग तिसरीनं, चौथीनं. कुणी कुणाला सांगितलं नाही.

मिट्ट काळोखात भिकाजीला दोन्हीकडून धरून सगळी निघाली. ते खडक त्यांच्या पायांना लहानपणापासून ठाऊक होते.

मागे बूट घसरल्याचा आवाज झाला, मग पाण्यात काहीतरी आपटल्याचा. कचेरीतलं मराठी साहेबांच्या तोंडून कुठल्या कुठे गळून पडलं.

"अगो बायांनू, रवा गो! माका काय्येक दिसना नाय!"

सुभद्रा थबकली. यशोदेनं तिचा दंड धरून तिला पुढे नेलं.

"बोंबलांदे," ती म्हणाली. "बचत चालली आसा."