कड्यावरचं घड्याळ

इंग्लंडमध्ये, फ्रान्ससमोरच्या डोव्हरच्या कड्यावर राहणाऱ्या डेरेकचं एकच पालुपद, "युरोप तिकडे, पाण्यापलीकडे. आपला काय संबंध?" कड्यावर फ्रान्सची रेंज घुसून मोबाइलचं घड्याळ तासभर पुढे गेलं, की तो फ्रेंचांच्या नावाने बोटं मोडायचा.

बायकोने, पॉलीनने, त्याला पबची वेळ बांधून दिली होती. सहाला जायचं, नऊला घरात.

आज तो पाचलाच कोट चढवून निघाला. पॉलीनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. त्याने मोबाइल पुढे धरला.

"सहा वाजलेत, बघ."

"अरे, ही तर फ्रान्सची वेळ!"

"मग? आपण काय युरोपाबाहेर आहोत?"

"बरं बाबा, जा. पण नऊला घरात हवास."

"येतो की. पण नऊ या भिंतीवरचे हं. शेवटी मी इंग्रज माणूस!"