बोलता येतंय ना?

थायरॉईडच्या ऑपरेशनपासून कोलकात्याच्या गायिका शुचिस्मिता भादुरींचा आवाज वरच्या षड्जाला पोचेना. सर्जन लाहिरींनी भिंतीवरच्या चित्रात स्वरयंत्रावरचा छोटासा स्नायू दाखवला. “हा स्वरतंतू ताणतो, तेव्हाच आवाज चढतो. त्याची नस ऑपरेशनमध्ये दुखावली असावी. पण दिदी, बोलता येतंय ना? या वयात वरचे स्वर कशाला हवेत?” “असं होऊ शकतं, हे ऑपरेशनआधी का नाही सांगितलंत?” “उगाच घाबरला असतात.” शुचिस्मिता उठून उभ्या राहिल्या. “उद्या तुमच्या बोटातली नस तुटली, तर मीही म्हणेन, डाक्तारबाबू, भात कालवता येतोय ना?” लाहिरी फाइल चाळत राहिले. त्या बाहेर आल्या. बाकावर गळा सुजलेली मासेवाली ऑपरेशनची तारीख घ्यायला बसली होती. “मासे कसे विकतेस?” “गल्लोगल्ली हाका मारून, दिदी.” त्यांनी तिचा हात धरला. “चल आत. तुझी हाक शाबूत राहील का, माझ्यासमोर विचार.”